सहीखालचं गाव

घराच्या लीजचा कागद दर दोन वर्षांनी सांगलीला जाऊन यायचा, हे शुभा लिमयेने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? न्यूयॉर्कात, त्यातून क्वीन्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या बॅगांतून काय काय जात-येत नाही! जाताना बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, कुणाच्या तरी सासऱ्यांचं बीपीचं मशीन. येताना मेतकूट, गोडा मसाला आणि शिवायला टाकलेले ब्लाउज. कुणी निघालंय असं कळलं की माणसं दोन दिवस आधी वजनकाटा घेऊनच फोन करतात. त्यात शुभाचं एक पाकीट. हलकं, चपटं, बॅगेच्या वरच्या खणात मावणारं. नाही कोण म्हणणार?

पाकिटात लीज पुढे चालू ठेवण्यासाठी सही करायचा फॉर्म असे. एल्महर्स्टमधला हा पाचव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट एकतीस वर्षं गुरुनाथच्या, म्हणजे शुभाच्या नवऱ्याच्या नावावर होता. इमारत भाडेनियंत्रणातली. लीजवर भाड्याचे दोन आकडे असत. एक कायद्याने घेता येईल ते पूर्ण भाडं, आणि त्याखाली प्रत्यक्षात द्यायचं सवलतीचं भाडं. ही सवलत जुन्या मालकाने दिली होती, रूसो नावाच्या इटालियन म्हाताऱ्याने. त्या काळी निम्मी इमारत रिकामी होती, आणि गुरुनाथ शहराच्या भुयारी रेल्वेत सिग्नलचा इंजिनीयर असल्यामुळे जिन्यातले दिवे गेले की रूसो सरळ त्याचं दार ठोठावायचा. "पुढच्या वर्षी वाढवीन हं," असं तो दर वर्षी म्हणायचा आणि थोडंसंच वाढवायचा. म्हातारा गेला, त्याच्या मुलांनी इमारत विकली, पण सवलत तशीच चालू राहिली. आता दोन आकड्यांमध्ये जवळजवळ दुपटीचं अंतर पडलं होतं.

आणि गुरुनाथ? तो चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सांगलीला गेला होता, तीन महिन्यांसाठी. थोरल्या भावाची बायपास होती. भाऊ बरा झाला, पहाटे फिरायला जाऊ लागला, पुढे नाट्यसंगीताच्या मंडळाचा खजिनदारही झाला. गुरुनाथ काही परतला नाही. भांडण नव्हतं हो. भांडण झालं असतं तर बरं, असं शुभाला कधी कधी वाटे, कारण भांडण मिटतं तरी नाहीतर तुटतं तरी. इथे तसलं काहीच नव्हतं. रोज सकाळी सात वाजता शुभाचा चहा आणि गुरुनाथचा संध्याकाळचा चहा व्हिडिओ कॉलवर बरोबरच व्हायचा. तो म्हणायचा, "इकडची कामं जरा उरकली की येतो." ती म्हणायची, "मलाच सुट्टी मिळाली की मी येते." ती एकदा गेलीही होती. थोरल्या जाऊबाईंनी तिला पहिल्याच सकाळी विचारलं, "आज कोशिंबीर तू करतेस ना?" सहासष्टाव्या वर्षी पुन्हा धाकटी सून व्हायचं तिच्या जिवावर आलं. पाच आठवड्यांनी ती एकटी परत आली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामावर, शाखा ग्रंथालयाच्या मुलांच्या विभागात हजर झाली.

तिला तो हवा होता. हे साधं वाक्य तिने कुणापाशी उच्चारलं नव्हतं, त्याच्यापाशी तर नाहीच. बाजारात कारली दिसली की हात पुढे व्हायचा आणि मग आठवायचं की कारली तिला आवडतच नाहीत, त्याला आवडतात. तो पलंगाच्या डाव्या बाजूला झोपायचा, ती बाजू तिने अजून घेतली नव्हती. "काका कधी येणार?" असं कुणी विचारलं की ती झटकन म्हणायची, "येतीलच आता." चार वर्षं ती हेच म्हणत होती, आणि विचारणाऱ्यांनी हळूहळू विचारणं सोडलं होतं. ते तिला जास्त लागायचं.

या वेळचा फॉर्म उत्तराबरोबर गेला. उत्तरा तिसऱ्या मजल्यावरची, भाच्याच्या लग्नाला मिरजेला निघालेली. फॉर्म हातात पडल्यापासून साठ दिवसांत सही करून परत द्यावा लागतो. उत्तरा परतली तेव्हा सत्तावन्न झाले होते. भडंगाच्या पुड्यांमधून पाकीट काढून देत ती म्हणाली, "घे बाई. काका मस्त आहेत, तब्येत सुधारली आहे यार त्यांची. लग्नात दोनदा जिलबी घेतली." शुभाने फॉर्म उघडला, सही पाहिली. पहिल्या अक्षराचं मोठं गोल वळण, शेवटी दोन टिंबं. ती सही नुसती पाहूनही तिला बरं वाटायचं. मग बाकीच्या मजकुरावरून नुसती नजर फिरवून तिने तो मालकाच्या ऑफिसात नेऊन दिला आणि पोच घेतली.

आठवड्याने ती ग्रंथालयात असताना ऑफिसातून फोन आला. गेल्या वर्षी ही इमारत एका नव्या कंपनीने घेतली होती. फोनवरची बाई तरुण आणि फार गोड बोलणारी.

"मिसेस लिमये, एकच छोटी गोष्ट. सांगली हे कोणत्या स्टेटमध्ये येतं?"

"महाराष्ट्र," शुभा अभिमानाने म्हणाली, आणि मग तिच्या मनात आलं, सांगलीचं नाव हिने वाचलं कुठे?

घरी येऊन तिने पोचेबरोबर मिळालेली फॉर्मची प्रत काढली. गुरुनाथने सही केली होती, आणि सहीच्या खाली, डावीकडे, आपल्या रेखीव इंग्रजीत, एकाखाली एक, लिहिलं होतं: स्थळ, सांगली. दिनांक, अमुक. फॉर्मवर तशी जागा नव्हती. त्याने ती करून घेतली होती. जन्मभर आपण अर्जांखाली हेच लिहीत आलो, शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या नोंदणीपर्यंत. शुभाची नजर त्यावरून गेली होती, पण तिला त्यात काही खटकलंच नव्हतं. खटकलं ते क्वीन्सच्या ऑफिसातल्या त्या मुलीला, जिने असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. मागच्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, त्याने नुसती सही केली होती. म्हणजे मधल्या काळात त्याच्या हाताला पुन्हा ती सवय लागली होती. शुभाला कंपनीचा राग यायला हवा होता. तिला राग आला 'सांगली' या शब्दाचा, इतक्या सहज लिहिलेल्या.

मग रीतसर पत्र आलं. मजकूर सभ्य होता. भाडेकरू गुरुनाथ लिमये इथे राहत नाहीत असं दिसतं. सवलतीचं भाडं त्यांना होतं. त्यांचं लीज पुढे चालू ठेवता येणार नाही. मिसेस लिमये यांना राहायचं असल्यास त्यांनी स्वतःच्या नावाने नवं लीज करावं, पूर्ण भाड्याने. शुभाने तो आकडा एकदा वाचला आणि कागद उलटा ठेवला. ग्रंथालयाच्या अर्धवेळ पगारात आणि पेन्शनीत ते बसणारं नव्हतं, हे कळायला हिशेब मांडायची गरज नव्हती.

पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून आश्लेषाचा, मुलीचा फोन आला. "आई, जस्ट मूव्ह इन विथ अस. आमच्याकडे एक बेडरूम रिकामीच आहे."

"बघू," शुभा म्हणाली. मुलगी मनापासून म्हणत होती. पण त्या रिकाम्या बेडरूममध्ये गुरुनाथ कधी आलाच तर कुठल्या दारातून येणार, ते शुभाला दिसेना. त्याला येण्यासाठी एक घर राखायला हवं होतं, आणि ते हेच होतं. ती भाड्यासाठी भांडायला उठली ती खरी यासाठी.

ग्रंथालयाच्या तळघरात दर बुधवारी भाडेकरूंना फुकट सल्ला मिळे. त्याची जाहिरात शुभाच कित्येक वर्षं फळ्यावर लावत आली होती. खाली उतरून रांगेत बसायची वेळ पहिल्यांदाच आली. सल्ला देणारा वकील निघाला कबीर नावाचा, मुंबईच्या आईचा, इथेच जन्मलेला. तिचं आडनाव वाचून तो मराठीवर आला.

"मावशी, घाबरू नका. फर्स्ट थिंग, सवलत ते अशी काढून घेऊ शकत नाहीत. नव्या कायद्याने ती टेनन्सी चालू आहे तोवर राहते. प्रश्न एवढाच आहे की टेनंट कोण." त्याने वहीवर दोन रेघा ओढल्या. "दोन रस्ते आहेत. एक, काका परत येतात. इथे राहतात. मग तेच टेनंट, आणि ते तुमचं नाव लीजवर ॲड करून घेऊ शकतात. मॅटर क्लोज."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे काका कायमचे गेले, आणि जायच्या आधी तुम्ही दोघं इथे दोन वर्षं तरी एकत्र राहत होतात, असं तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं. मग बायको म्हणून घर तुमच्याकडे येतं, त्याच भाड्याने. तुमचं तर सत्तावीस वर्षांचं रेकॉर्ड आहे. ही केस मला जास्त सोपी वाटते, ऑनेस्टली."

"कायमचे म्हणजे?"

"म्हणजे परत राहायला येणार नाहीत," कबीर म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने पेन खाली ठेवलं. "विचार करा. उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत."

विचार तिने केला नाही. दुसऱ्या दिवशी सातच्या चहाला तिने त्याला सगळं सांगितलं, आणि मग चार वर्षांत जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हणून टाकलं. "अहो, तुम्ही परत या."

 गुरुनाथच्या मागे अंगणात कुणीतरी दुचाकी चालू करत होतं, ती काही चालू होईना.

"माझीच चूक," तो म्हणाला. "हात आपोआप गेला बघ. तू काळजी करू नकोस. येतो मी. तिकीट बघतो आजच."

इतकं सोपं होतं? चार वर्षं आपण मागितलंच नाही म्हणून मिळालं नाही? शुभा त्या दिवशी ग्रंथालयात पोरांना गोष्ट वाचून दाखवताना दोनदा तीच पानं उलटत राहिली, आणि पोरांनी ओरडून सांगितलं तेव्हा खळखळून हसली. संध्याकाळी तिने रजई धुवायला टाकली. कपाटातला त्याचा कप्पा, जिथे एव्हाना तिच्या शाली शिरल्या होत्या, तो रिकामा करून पुसला. लिफ्टमध्ये उत्तरा भेटली तेव्हा, लिफ्टमध्ये इतर चार माणसं असताना, ती मोठ्याने म्हणाली, "अगं, हे येतायत!" आणि शनिवारी तिने कारली आणली, एक किलो. तो यायला अजून आठवडा तरी लागणार होता. कारली तोवर टिकणार नव्हती, हे तिला काही आज कळत नव्हतं. पण घ्यायचीच होती, घेतली. संध्याकाळी एकटीने कारल्याची भाजी केली आणि ती कडू भाजी पोळीबरोबर सगळी खाल्ली.

रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर तिकिटाचा फोटो आला. शुभाने चष्मा लावून वाचला. मुंबईहून न्यूयॉर्क, चौदा तारीख. आणि त्याखाली, न्यूयॉर्कहून मुंबई. ती तारीख तिने बोटांवर मोजून पाहिली. एकवीस दिवस.

त्याचा कॉल आला तेव्हा तिने चहा टाकला नव्हता.

"स्वस्तात मिळालं," गुरुनाथ उत्साहाने सांगू लागला. "मी सगळं जमवलंय. आल्या आल्या ऑफिसात जाऊ दोघं. मी समोर उभा राहिल्यावर बोलतील काय? तुझं नाव घालून घेऊ. एकदा ते झालं की..."

"की तुम्ही जाणार."

"अगं, पण तुझं काम तर होईल."

"त्या मुलीने विचारलं, तुम्ही इथे राहता का, तर काय सांगायचं?"

"हो म्हणायचं. तेवढ्यापुरतं."

तेवढ्यापुरतं. शुभाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे हात मोकळे राहिले. मोकळ्या हातांनी ती ओटा पुसू लागली. घर वाचवायला तो येणार होता, अगदी मनापासून, आपल्याच घरात राहत असल्याचं सोंग करायला. ते एकवीस दिवस कसे जातील ते तिला लख्ख दिसलं. डाव्या बाजूला तो झोपलेला असेल आणि ती जागी राहून दिवस मोजत असेल.

"अहो, एक विचारते. खरं सांगा. घर जाईल म्हणून येताय, की माझ्यासाठी?"

"हे काय विचारणं झालं?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "शुभा, मला ते घर आता सोसत नाही गं. तिथे मी रिटायर झालो त्या दिवसापासून मला हाक मारणारं कुणी राहिलं नाही. तू कामावर गेलीस की मी खिडकीत बसायचो, खालून जाणाऱ्या गाड्यांचे सिग्नल बरोबर पडतायत का ते बघत. इथे कोपऱ्यावर दूध आणायला गेलो तरी चार जण थांबवतात. तुझी आठवण येते. रोज येते. या चहाच्या वेळेसाठी मी दुपारपासून घड्याळ बघतो. पण त्या घराची नाही येत. तुला हे सांगायचं धैर्य झालं नाही म्हणून कामं, कामं करत राहिलो."

शुभा रडली. तो पलीकडे चष्मा काढून पुसत राहिला. दोघांनाही एकमेकांचा राग आला नाही, हेच तर दुखणं होतं. माणूस वाईट असता तर तिने केव्हाच त्याच्यावर पाणी सोडलं असतं.

"तिकीट कॅन्सल करा," ती शेवटी म्हणाली.

"मग घर?"

"ते मी बघते."

बुधवारी ती पुन्हा तळघरात उतरली. कबीरने शपथपत्र तयार ठेवलं होतं. फक्त एक जागा कोरी होती. "इथे डेट हवी, मावशी. फ्लाइटची नाही, कायमचे गेले ती. कोर्ट कधी कधी विचारतं. तिकीट तीन महिन्यांचं होतं ना? मग कायमचं कधी झालं, हे तुम्हालाच सांगावं लागेल."

कायमचं कधी झालं? भाऊ बरा झाला तेव्हा? त्याने तिथे दाढा काढून कवळी बसवून घेतली, तेव्हा? की सायकल घेतली आणि ती फोनसमोर आणून घंटी वाजवून दाखवली, तेव्हा?  खरं उत्तर शुभाला ठाऊक होतं. ते तिने इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ज्या दिवशी विमानात बसले त्याच दिवशी," ती म्हणाली. "अकरा फेब्रुवारी. मी विमानतळावरून घरी आले आणि इस्त्रीचे कपडे ठेवायला कपाट उघडलं. त्यांची फाईल नव्हती. डिग्री, जन्माचा दाखला, आईवडिलांचे कागद, सगळं त्या फाईलीत असायचं. तीन महिन्यांसाठी जाणारा माणूस जन्माचा दाखला नेत नाही."

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"तेव्हाच. मग मी कपाट लावून टाकलं."

कबीरने पेन पुढे केलं. तिने तारीख लिहिली, सही केली. 

ऑफिसने थोडी खळखळ केली. आणखी दोन पत्रं आली, कबीरची दोन गेली; आश्लेषाच्या शाळेच्या दाखल्यांपासून एकतीस वर्षांच्या विजेच्या बिलांपर्यंत पुरावे काढावे लागले. एप्रिलमध्ये नवं लीज आलं. भाडं तेच, नियमाने होणारी किरकोळ वाढ तेवढी धरून. भाडेकरूच्या रकान्यात एकच नाव होतं, शुभा लिमये. तिने ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं घर तिच्या एकटीच्या नावावर झालं होतं. उत्तराने खाली तिसऱ्या मजल्यावर शिरा केला आणि सगळ्या मजल्यावर वाटला. शुभाने तो खाल्ला आणि छान झालाय म्हणाली, तो छान झालाही होता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता गुरुनाथचा कॉल आला. तिने लीजचं पान फोनसमोर धरलं. तो डोळे बारीक करून वाचत राहिला, इंजिनीयरच्या सवयीने, प्रत्येक ओळ.

"बरोबर आहे सगळं," तो म्हणाला. "छान झालं." मग कप उचलला, न पिता खाली ठेवला. "शुभा, एक विचारू? आता मी कधी यायचं म्हटलं तर... म्हणजे, आलो तर चालेल ना तुला?"

एकतीस वर्षांपूर्वी या घराची किल्ली त्याने आणून तिच्या हातात ठेवली होती. आज तो दाराबाहेर उभा राहून विचारत होता, आणि त्याला तसं उभं करणारा कागद तिच्याच सहीचा होता. 

"विचारता काय असं?" ती म्हणाली. "या ना."

कधी, ते मात्र तिने विचारलं नाही.